निवासी मूरिंग (इंग्लंड व वेल्स)

निवासी मूरिंग म्हणजे ज्या नौकेत एखादी व्यक्ती किंवा कुटुंब वर्षभर राहते, अशी नौका बांधून ठेवण्यासाठी व तीत राहण्यासाठी मान्यता असलेली जागा होय. इंग्लंड व वेल्समधील कालव्यांवर आणि नद्यांवर हजारो लोक नौकेलाच घर मानून राहतात. नौका बहुधा रहिवाशाच्या मालकीची असते. तिच्याखालचे पाणी आणि शेजारचा काठ मात्र सहसा दुसऱ्याच्या ताब्यात असतो. त्यामुळे नौका कोठे ठेवायची या एका निर्णयावर परवाना मिळणे, कर भरणे, टपालाचा पत्ता, मुलांची शाळा आणि घर टिकण्याची शाश्वती या सर्व गोष्टी अवलंबून असतात.

नौकेत राहणाऱ्यांपुढे प्रामुख्याने तीन मार्ग असतात: निवासी मूरिंग भाड्याने घेणे, केवळ विरंगुळ्यासाठी असलेले मूरिंग घेऊन त्याच्या अटींच्या मर्यादेत राहणे, किंवा कायमची जागा न घेता सतत प्रवास करीत राहणे. पहिल्या मार्गात स्थैर्य अधिक असले तरी जागा थोड्या आणि महाग असतात. तिसऱ्या मार्गात जागेचे भाडे वाचते, परंतु ठरावीक मुदतीत पुढे सरकण्याचे बंधन पाळावे लागते.

संज्ञा

नौका दोरांनी काठाला, खांबाला किंवा तरंगत्या धक्क्याला बांधून ठेवण्याच्या क्रियेला आणि त्या जागेला, दोहोंनाही इंग्रजीत मूरिंग म्हणतात. परवान्यासाठी नोंदवलेल्या कायमच्या जागेला ‘होम मूरिंग’ ही संज्ञा आहे. प्रत्येक होम मूरिंग निवासी असतेच असे नाही. बहुसंख्य जागा सुटीत नौकाविहार करणाऱ्यांसाठी असून तेथे कायम वास्तव्यास मनाई असते.

कालव्यांवरील नौकांत ‘नॅरोबोट’ हा प्रकार सर्वाधिक परिचित आहे. तिची रुंदी सुमारे ६ फूट १० इंच (२.०८ मीटर) असते. याहून रुंद नौकांना ‘वाइडबीम’ म्हणतात. ‘हाउसबोट’ हा शब्द सामान्य व्यवहारात कोणत्याही निवासी नौकेसाठी वापरला जात असला, तरी कालव्यांच्या कायद्यात तो मुख्यतः जलप्रवासासाठी न वापरल्या जाणाऱ्या नौकेसाठी योजिला जातो.

इतिहास

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कोळसा, चिनी माती व इतर मालाच्या वाहतुकीसाठी इंग्लंडमध्ये कालव्यांचे जाळे उभे राहिले. रेल्वेशी स्पर्धा सुरू झाल्यावर नावाड्यांचे उत्पन्न घटले आणि अनेकांनी काठावरचे घर सोडून कुटुंबासह नौकेच्या लहानशा खोलीत संसार थाटला. अशा नौकांतील गर्दी, अस्वच्छता आणि मुलांचे अशिक्षितपण यांकडे समाजसुधारक जॉर्ज स्मिथ यांनी लक्ष वेधले. त्यांच्या प्रयत्नांतून १८७७ व १८८४ चे कालवा-नौका कायदे झाले. या कायद्यांनी निवासी नौकांची नोंदणी व तपासणी सुरू केली. नौका ज्या ठिकाणची म्हणून नोंदवली जाई, तेथील रहिवासी म्हणून तीवरील मुले शिक्षणासाठी धरली जात. फिरत्या घरालाही कागदोपत्री एक गाव असावे, ही अपेक्षा तेव्हापासूनची आहे.

१९४८ मध्ये बहुतेक कालव्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९६२–६३ च्या कडक हिवाळ्यात कालवे दीर्घकाळ गोठल्याने उरलीसुरली मालवाहतूकही जवळजवळ संपली. १९६३ पासून ब्रिटिश वॉटरवेज या सार्वजनिक संस्थेने कालव्यांचा कारभार पाहिला. जुलै २०१२ मध्ये इंग्लंड व वेल्समधील तिची जबाबदारी कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट या धर्मादाय संस्थेकडे आली. ही संस्था सुमारे २,००० मैल (सुमारे ३,२०० किमी) लांबीचे जलमार्ग सांभाळते आणि तिच्या जलमार्गांवर सुमारे ३५ हजार नौका आहेत. स्कॉटलंडमधील कालवे स्वतंत्र संस्थेच्या अखत्यारीत आहेत.

हौसेने किंवा स्वेच्छेने नौकेत राहण्याच्या आधुनिक प्रथेला लेखक एल. टी. सी. रोल्ट यांच्यामुळे चालना मिळाली. १९३९ मध्ये ते ‘क्रेसी’ या नौकेवर राहावयास गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांची नौका वूस्टर–बर्मिंगहॅम कालव्यावर टार्डेबिग येथे अनेक वर्षे बांधलेली होती. १९४४ मध्ये त्यांचे ‘नॅरो बोट’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. ते वाचून रॉबर्ट ऐकमन १९४५ मध्ये टार्डेबिग येथे त्यांना भेटले आणि त्यातून १९४६ मध्ये कालव्यांच्या रक्षणासाठी इनलँड वॉटरवेज असोसिएशन स्थापन झाली. निवासी नौकामालकांची स्वतंत्र संघटना १९६३ मध्ये, तर कायम जागा नसलेल्या फिरत्या रहिवाशांची संघटना २००९ मध्ये अस्तित्वात आली.

कायदेशीर चौकट

परवाना व १४ दिवसांचा नियम

ट्रस्टच्या जलमार्गांवर नौका ठेवण्यासाठी परवाना आवश्यक असतो. ब्रिटिश वॉटरवेज अधिनियम, १९९५ च्या १७व्या कलमानुसार परवान्यासाठी तीन अटी आहेत. नौका सुरक्षिततेच्या मानकांत बसणारी असावी, तिचा विमा असावा आणि तिच्या ठिकाणाविषयी पुढील दोहोंपैकी एक बाब पूर्ण व्हावी:

• नौका वाजवीपणे ठेवता येईल आणि कायदेशीररीत्या सोडून जाता येईल असे मूरिंग किंवा अन्य ठिकाण उपलब्ध असणे, किंवा
• परवान्याच्या संपूर्ण काळात नौका प्रामाणिकपणे जलप्रवासासाठी वापरली जाणे आणि ती कोणत्याही एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा, अथवा परिस्थितीनुसार वाजवी अशा अधिक काळापेक्षा, जास्त न थांबणे.

दुसऱ्या पर्यायाचा अवलंब करणाऱ्यांना ‘कंटिन्युअस क्रूझर’ म्हणजे निरंतर प्रवासी म्हटले जाते. किती अंतर कापावे हे कायद्यात सांगितलेले नाही. परवान्याच्या काळातील एकूण वावर १५ ते २० मैलांच्या पट्ट्यापेक्षा कमी असल्यास प्रामाणिक जलप्रवासाबद्दल आपले समाधान होणे कठीण आहे, अशी भूमिका ट्रस्टने मार्गदर्शक सूचनांत घेतली आहे. आजारपण, यंत्रातील बिघाड, पूर किंवा गोठलेले पाणी अशा कारणांसाठी मुदतवाढ मागता येते. अपंग व्यक्ती व गरोदर स्त्रिया यांच्यासाठी समानता अधिनियम, २०१० खाली नियम शिथिल करता येतात.

नियमभंग झाल्यास परवाना रद्द होऊ शकतो. परवाना नसलेली नौका जलमार्गातून हलवण्याचा अधिकार १९८३ च्या अधिनियमाने दिला आहे. नौकेत कोणी राहत असल्यास ट्रस्ट प्रथम न्यायालयाचा आदेश मिळवतो. कारण अशा कारवाईत वाहनासोबत घरही जाते.

भोगवट्याची शाश्वती

जमिनीवरील भाडेकरूंना आणि अधिकृत वसाहतींतील फिरत्या घरांच्या रहिवाशांना कायद्याचे जे संरक्षण आहे, ते नौकेतील रहिवाशांना सहसा मिळत नाही. फिरत्या घरांचा १९८३ चा अधिनियम नौकांना लागू होत नाही. २००० मध्ये अपील न्यायालयाने टेम्स नदीवरील एका हाउसबोटीच्या प्रकरणात असे ठरवले की, दोर व सेवावाहिन्यांनी काठाशी जोडलेली नौका जमिनीचा भाग होत नाही. त्यामुळे गृहनिर्माण कायद्याखालील संरक्षित भाडेपट्टा तिला लागू होत नाही. परिणामी रहिवाशाचे हक्क मुख्यतः जागामालकाशी झालेल्या करारातूनच ठरतात. असे करार अनेकदा एकेका वर्षाचे असतात. करार न वाढवल्यास रहिवाशाला नौका घेऊन निघावे लागते, आणि त्या परिसरात दुसरी निवासी जागा नसल्यास नोकरी व शाळेपासूनही दूर जावे लागते.

गृहनिर्माण व नियोजन अधिनियम, २०१६ च्या १२४व्या कलमाने स्थानिक गृहनिर्माण प्राधिकरणांवर हाउसबोटींसाठी लागणाऱ्या जागांच्या गरजेचा विचार करण्याची जबाबदारी टाकली. गरजेची नोंद घेणे बंधनकारक असले तरी प्रत्यक्ष मूरिंग उपलब्ध करून देण्याचा थेट हक्क त्यातून रहिवाशाला मिळत नाही.

नियोजन परवानगी, कर व साहाय्य

विरंगुळ्यासाठीच्या मूरिंगचे निवासी मूरिंगमध्ये रूपांतर केल्यास तो वापरातील महत्त्वाचा बदल ठरू शकतो व त्यासाठी स्थानिक प्राधिकरणाची नियोजन परवानगी लागते. म्हणून जागामालकाचा होकार पुरेसा नसतो. परवानगी नसलेल्या जागेवर तोंडी आश्वासनावर राहणाऱ्यास नियोजन विभागाच्या कारवाईचा धोका असतो.

एखादी नौका व्यक्तीचे एकमेव किंवा मुख्य निवासस्थान असेल, तर तिच्या मूरिंगवर काउन्सिल टॅक्स आकारला जाऊ शकतो. दुसरीकडे, अल्प उत्पन्न असलेल्या रहिवाशांना घरभाड्यासाठी मिळणाऱ्या शासकीय साहाय्यात हाउसबोटीच्या मूरिंग शुल्काचाही समावेश होऊ शकतो.

जागांचे प्रकार

मरीना: मुख्य प्रवाहापासून बाजूला खोदलेल्या कुंडात तरंगते धक्के असतात. वीज, पाणी, धुलाईघर, वाहनतळ व फाटक अशा सोयी येथे एकत्र मिळतात. नौका दाटीने उभ्या असतात आणि शुल्क सहसा अधिक असते. अनेक मरीनांमध्ये निवासी जागा मोजक्याच असतात.

कालव्याकाठची रांग: नौका एकामागे एक काठाला बांधलेल्या असतात. पूर्वी घोडे ज्या वाटेने नौका ओढीत, त्या वाटेला टोपाथ म्हणतात. ही वाट सार्वजनिक वर्दळीची असल्याने त्या बाजूस एकांत कमी मिळतो. समोरच्या काठावरील जागा अधिक खासगी असते, परंतु तेथे पोहोचण्यासाठी दुसऱ्याच्या जमिनीतून रस्ता मिळावा लागतो.

शेत किंवा बागेच्या कडेची जागा: काठाची जमीन खासगी असली तरी पाण्यावर नौका ठेवण्यासाठी जलमार्ग प्राधिकरणाची संमती व शुल्क लागते. जमीन विकली गेल्यास व्यवस्था बदलू शकते.

नदीवरील जागा: टेडिंग्टनच्या वरची टेम्स, तसेच मेडवे, नेन व ग्रेट ऊझ या नद्यांवरील नौकानयनाचे नियमन पर्यावरण प्राधिकरण करते. त्यामुळे तेथील नोंदणीचे नियम वेगळे असतात. पावसाळी दिवसांत नदीची पातळी झपाट्याने चढते, म्हणून दोर आपोआप वर-खाली सरकतील असे उंच खांब किंवा तरंगता धक्का असणे महत्त्वाचे ठरते.

भरती-ओहोटीची जागा: टेडिंग्टनखालील टेम्ससारख्या पाण्यात नौका दिवसातून दोनदा चढते व उतरते. काही ठिकाणी ओहोटीच्या वेळी ती चिखलावर टेकते. अशा जागेसाठी नौकेचा तळ भक्कम आणि सपाट असावा लागतो.

निवडीचे निकष

नौकेचे माप

मिडलँड्समधील अनेक कालव्यांवरील लॉक, म्हणजे पाण्याची पातळी बदलून नौका वर किंवा खाली नेणारी दरवाज्यांची कुंडे, केवळ सुमारे ७ फूट रुंद आहेत. त्यांतून वाइडबीम जात नाही. दक्षिणेकडील रुंद कालव्यांवरची वाइडबीम लीड्स–लिव्हरपूलसारख्या उत्तरेकडील रुंद कालव्यावर नेण्यासाठी रस्त्याने किंवा समुद्रमार्गे न्यावी लागते. लांबीचीही मर्यादा असते. काही जुन्या कालव्यांवरील आखूड लॉकमुळे जवळजवळ सर्वत्र फिरू शकणाऱ्या नॅरोबोटीची लांबी सुमारे ५७ फूट मानली जाते. म्हणून नौका आधी घेऊन जागा नंतर शोधणे जोखमीचे ठरते. सध्याची जागा गमावल्यास पर्याय कोठवर शोधता येईल, हेही नौकेच्या मापावरूनच ठरते.

पाणी, वीज व मलनिस्सारण

काठावर वीजजोडणी नसल्यास सौरपट्ट्या व इंजिन यांवर बॅटऱ्या भाराव्या लागतात. हिवाळ्यात इंग्लंडमध्ये दिवस लहान असल्याने सौरपट्ट्यांचा उपयोग मर्यादित होतो. ट्रस्टच्या नियमांनुसार इतर नौकांजवळ बांधलेली असताना रात्री ८ ते सकाळी ८ या वेळेत इंजिन चालवता येत नाही.

पिण्याचे पाणी नळकोंड्यावरून टाकीत भरतात. शौचालयासाठी मोठी टाकी असल्यास ती पंपाने उपसणारे केंद्र, आणि सुटी पेटी असल्यास ती रिकामी करण्याचे ठिकाण जवळ लागते. जागा पाहताना या ठिकाणांचे अंतर पायी नव्हे, तर नौकेने जाण्यास लागणाऱ्या वेळात मोजावे लागते. मधे दोन-चार लॉक असल्यास थोड्या अंतरालाही अर्धा दिवस जाऊ शकतो.

ऋतू

नोव्हेंबर ते मार्च या काळात दुरुस्तीसाठी लॉक व कालव्यांचे भाग बंद ठेवले जातात. बर्फ जमल्यासही हालचाल थांबते. त्यामुळे उन्हाळ्यात सोयीची वाटणारी जागा हिवाळ्यात पाणी, कोळसा व गॅसपासून तुटू शकते. निरंतर प्रवाशांसाठी ट्रस्ट काही ठिकाणी हिवाळी मूरिंग शुल्क घेऊन देतो. अंधारी व चिखलाची वाट, काठाची उंची आणि वारा या बाबी वृद्ध व लहान मुलांच्या दृष्टीने महत्त्वाच्या असतात.

सुरक्षितता

नौकेला दर चार वर्षांनी सुरक्षा तपासणीचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. घनइंधनाच्या शेगडीमुळे कार्बन मोनॉक्साइडचा धोका असल्याने त्याची सूचना देणारे यंत्र २०१९ पासून तपासणीच्या निकषांत आहे. जागा निवडताना आणीबाणीच्या प्रसंगी रुग्णवाहिका व अग्निशमन दल काठापर्यंत पोहोचू शकेल का, हे पाहिले जाते.

पत्ता व सार्वजनिक सेवा

निवासी मूरिंगवर टपालाचा पत्ता मिळू शकतो. बँक, विमा, शाळाप्रवेश व नोकरी यांसाठी त्याचा उपयोग होतो. कायम पत्ता नसलेल्यांना राष्ट्रीय आरोग्य सेवेतील डॉक्टरकडे नोंदणी करता येते, आणि एखाद्या स्थळाशी असलेला संबंध जाहीर करून मतदारयादीत नावही नोंदवता येते. तरीही व्यवहारात पत्त्याच्या पुराव्याअभावी अडचणी येतात.

खर्च व करार

मूरिंगचे शुल्क सामान्यतः नौकेच्या लांबीवर व परिसरावर ठरते. त्याखेरीज परवाना, विमा, तपासणी, इंधन आणि तळाला ठरावीक वर्षांनी द्यावा लागणारा रंग असे खर्च असतात. एप्रिल २०२४ पासून होम मूरिंग नसलेल्या नौकांच्या परवाना शुल्कावर ५ टक्के अधिभार लागू झाला असून तो टप्प्याटप्प्याने २०२८ पर्यंत २५ टक्क्यांवर नेण्याचे ट्रस्टने जाहीर केले. रुंद नौकांनाही अधिभार आहे.

करार तपासताना पुढील मुद्दे निर्णायक असतात:

• वास्तव्याची परवानगी लेखी आहे का आणि ती वर्षभरासाठी आहे का;
• जागेला निवासी वापराची नियोजन परवानगी आहे का;
• मुदत किती, नोटीस किती दिवसांची व शुल्कवाढीचा आधार कोणता;
• नौका विकल्यास खरेदीदाराला ती जागा मिळते का;
• पाळीव प्राणी, पाहुणे, काठावरील सामान व नौका भाड्याने देणे यांविषयी कोणते निर्बंध आहेत.

नौका विकताना जागा खरेदीदाराकडे जात नसेल, तर नौकेची किंमत आणि जागेसह मिळणारी किंमत यांत मोठा फरक पडू शकतो. म्हणून जाहिरातीत ‘मूरिंगसह’ असा उल्लेख असला तरी जागामालकाकडून त्याची खातरजमा केली जाते.

लंडनमधील परिस्थिती

लंडनमध्ये घरांच्या किमती व भाडी वाढल्याने रीजंट्स कालवा, ग्रँड युनियन कालवा आणि ली नदी यांवर राहणाऱ्यांची संख्या वाढली. येथे निवासी जागा अत्यंत मर्यादित असल्याने अनेक जण निरंतर प्रवासी म्हणून परवाना घेतात आणि दर १४ दिवसांनी शहराच्या दुसऱ्या भागात जातात. नव्या ठिकाणी काठ मोकळा नसल्यास एका नौकेला दुसरी नौका समांतर बांधण्याची पद्धत आहे. नोकरी एका जागी व घर फिरते असल्यामुळे प्रवासाचा वेळ दर पंधरवड्याला बदलतो. काठालगतच्या इमारतींतील रहिवासी धूर व इंजिनाच्या आवाजाबद्दल तक्रारी करतात. पर्यावरण अधिनियम, २०२१ ने धूरनियंत्रण क्षेत्रात बांधलेल्या नौकांचाही समावेश करण्याची मुभा स्थानिक प्राधिकरणांना दिली.

वाद

१९९५ च्या अधिनियमातील ‘प्रामाणिकपणे जलप्रवासासाठी’ या शब्दांच्या अर्थाबद्दल मतभेद आहेत. केनेट–एव्हन कालव्यावर बाथ व ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन यांच्या दरम्यानच मागेपुढे फिरणाऱ्या एका नौकेच्या प्रकरणात २०११ मध्ये ब्रिस्टल येथील काउंटी न्यायालयाने तिचा वापर या अटीत बसत नसल्याचा निर्णय दिला. मर्यादित काठ सर्वांना वापरता यावा आणि देखभालीचा खर्च न्याय्य रीतीने वाटला जावा, असा नियमनाच्या बाजूचा युक्तिवाद आहे. फिरत्या रहिवाशांच्या संघटनांच्या मते कायद्यात अंतराची अट नसताना ती सूचनांद्वारे आणली जात आहे. अधिभारामुळे निवासी जागा न परवडणाऱ्यांवरच बोजा पडतो. आणि शाळेत जाणारी मुले असलेल्या कुटुंबांना लांबचा प्रवास शक्य नसतो.

साहित्यात

पेनेलोपी फिट्झजेराल्ड यांच्या ‘ऑफशोअर’ या कादंबरीला १९७९ चे बुकर पारितोषिक मिळाले. टेम्सच्या बॅटरसी भागात जुन्या नौकांमध्ये राहणाऱ्या लोकांचे जीवन हा तिचा विषय आहे. लेखिका स्वतः कुटुंबासह टेम्सवरील एका जुन्या नौकेत राहत असत. ती नौका पुढे बुडाली.

हे सुद्धा पहा

• हाउसबोट
• ग्रँड युनियन कालवा
• रीजंट्स कालवा
• टेम्स नदी